ध्वनीच्या लाटा, प्रकाशाची वाट : रामन–नाथ सिद्धान्तापासून वेगवान लेसर सूक्ष्मदर्शकापर्यंत



अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात किंवा बी.एस्सी.ला तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रयोग केला असेल. काचेच्या छोट्या पात्रात पाणी किंवा केरोसीन, त्यात बुडवलेली क्वार्ट्झची चकती, समोर सोडियमचा दिवा आणि पलीकडे स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण. ऑसिलेटर चालू करून वारंवारता जुळवली की दुर्बिणीतल्या एका पिवळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आणखी रेषा उमटतात. आपण त्यांच्यातले कोन मोजतो, त्यावरून द्रवातील ध्वनीचा वेग काढतो आणि तोंडी परीक्षेत कोणी विचारलेच, तर 'रामन–नाथ सिद्धान्त' असे उत्तर देतो.

या टिपणात त्या उत्तरामागचा इतिहास पाहायचा आहे. यात एक गंमत आहे. ध्वनीने प्रकाश वळतो या एकाच घटनेची दोन वेगळी गणिते १९२२ आणि १९३५ साली मांडली गेली. पहिले सांगत होते की प्रकाशाचा एकच किरण वळेल. दुसरे सांगत होते की अनेक किरण फुटतील. प्रयोगाने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. तरीही आज मेंदूतील पेशींचे काम पाहणारे अतिवेगवान लेसर सूक्ष्मदर्शक ज्या स्फटिकावर चालतात, तिथे पहिलेच गणित लागू पडते. हे कसे, हे समजून घेतले तर सूत्र कुठे लावायचे आणि कुठे लावायचे नाही, हेही कळते. पाठ्यपुस्तकात सूत्र छापलेले असते, पण त्याच्या अटी बहुधा तळटिपेत जातात.

१. आधी एक मोजमाप

मी लखनऊमध्ये शिकवतो, म्हणून उदाहरण इथलेच घेतो. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधायला घेतला. त्याचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब आहे आणि त्याला मध्ये एकही खांब नाही. एका टोकाला कोणी आगकाडी ओढली की तिचा आवाज दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतो. गाइड हे प्रत्येक पर्यटकाला करून दाखवतात.

आता हिशेब करा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे ५० मीटर जायला ध्वनीला जवळजवळ ०.१५ सेकंद लागतात. त्याच काडीच्या ज्योतीचा प्रकाश तेवढेच अंतर एका सेकंदाच्या साठ लाखाव्या भागात कापतो. प्रकाशाच्या हिशेबाने ध्वनी जवळजवळ उभाच असतो.

हीच तुलना आपल्या प्रयोगातल्या पात्राला लावा. पात्राची रुंदी १ सेंटिमीटर धरू. पाण्यातून ती पार करायला प्रकाशाला सुमारे ४४ पिकोसेकंद लागतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. म्हणजे तेवढ्या वेळात ध्वनिलहर फक्त ६६ नॅनोमीटर सरकते. वारंवारता ३ मेगाहर्ट्‌झ असेल तर ध्वनीची तरंगलांबी ५०० मायक्रोमीटर येते. तरंगलांबीच्या साडेसात हजाराव्या भागाइतके सरकणे म्हणजे काहीच नाही. पात्रातून जाणाऱ्या प्रकाशाला ध्वनिलहर गोठलेली दिसते : एक पट्टा दाट, एक पट्टा विरळ, पुन्हा दाट, पुन्हा विरळ. संपीडनाच्या पट्ट्यात अपवर्तनांक किंचित जास्त, विरलनाच्या पट्ट्यात किंचित कमी.

'गोठलेली लहर' ही कल्पना लक्षात ठेवा. पुढे ती तीनदा कामाला येणार आहे.

२. १९२२ : ब्रिलुआँ यांचे भाकीत

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेऑन ब्रिलुआँ यांनी १९२२ साली प्रश्न मांडला तो काहीसा वेगळा होता. कोणत्याही पारदर्शक पदार्थात उष्णतेमुळे अणू-रेणू सतत हलत असतात. ही हालचाल अनेक सूक्ष्म ध्वनिलहरींची बेरीज मानता येते. अशा लहरींवरून प्रकाश कसा विखुरेल?

ब्रिलुआँ यांच्यासमोर क्ष-किरणांचे उदाहरण होते. स्फटिकातील अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात आणि क्ष-किरण त्यांच्यावरून ठरावीक कोनातच परावर्तित होतात, हे ब्रॅग पितापुत्रांनी दाखवून दिले होते. ब्रिलुआँ यांनी ध्वनिलहरीच्या दाट थरांना तसेच आरसे मानले. योग्य कोनात आलेला प्रकाश थराथरावरून परावर्तित होईल आणि एकच किरण बाजूला वळेल. आरसे स्वतः चालत असल्यामुळे वळलेल्या प्रकाशाची वारंवारताही डॉप्लर परिणामाने किंचित बदलेल. रशियात लेओनिद मांडेलश्टाम हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते. १९३० साली लेनिनग्राडमध्ये ग्रोस यांनी द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात वारंवारतेचा हा बदल प्रत्यक्ष पाहिला.

इथपर्यंत सगळे सरळ होते. गुंता झाला तो उष्णतेच्या लहरींऐवजी माणसाने तयार केलेली ध्वनिलहर वापरल्यावर.

३. १९३२ : दोन शहरांत एकच प्रयोग

क्वार्ट्झच्या चकतीला विजेचा उलटसुलट दाब दिला की ती कंप पावते. या दाबविद्युत परिणामाचा शोध क्युरी बंधूंनी १८८० मध्ये लावला होता आणि पहिल्या महायुद्धात पॉल लांझव्हाँ यांनी पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी त्याचा उपयोग केला होता. त्यामुळे १९३२ पर्यंत द्रवात काही मेगाहर्ट्‌झचा ध्वनी निर्माण करणे अवघड राहिले नव्हते.

त्या वर्षी पॅरिसमध्ये रने ल्युका आणि पिएर बिकार यांनी, तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीटर डेबाय आणि फ्रान्सिस सिअर्स यांनी, अशा द्रवातून प्रकाश पाठवला. (हे सिअर्स म्हणजे तुमच्या ग्रंथालयातील 'सिअर्स आणि झेमान्स्की' या जाडजूड पुस्तकाचे पहिले लेखक.) दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसली. एक किरण वळण्याऐवजी मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अनेक रेषा उमटल्या. चकतीवरचा विद्युतदाब वाढवला की रेषांची संख्या वाढे आणि त्यांची तीव्रता विचित्र रीतीने कमीजास्त होई. कधी मधली रेषाच अंधूक पडे आणि बाजूच्या उजळत. झुरिचमध्ये बेअर यांनी हे चढउतार बारकाईने नोंदवले.

ब्रिलुआँ यांचे थरांचे आरसे हे सांगू शकत नव्हते. एकदा वळलेला प्रकाश पुन्हापुन्हा वळत असावा, अशी सूचना पुढे आली. ल्युका आणि बिकार यांनी मृगजळासारखे वाकणारे किरण रेखाटून पाहिले. कोन जुळत होते, कारण कोणत्याही जालकात कोन फक्त दोन तरंगलांबींच्या गुणोत्तरावर ठरतात. तीव्रता मात्र जुळत नव्हती. मधली रेषा नाहीशी का होते, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

४. बंगळूर, १९३५

चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ साली कलकत्त्याहून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक म्हणून आले. १९३४ साली त्यांनी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसची स्थापना केली आणि तिची 'प्रोसीडिंग्ज' ही पत्रिका सुरू केली. याच पत्रिकेत १९३५–३६ मध्ये रामन आणि त्यांचे तरुण सहकारी एन. एस. नागेंद्र नाथ यांचे पाच भागांतले लेख आले. विषय : उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींनी होणारे प्रकाशाचे विवर्तन.

त्यांनी आरसे बाजूला ठेवले, किरणांचे वाकणेही बाजूला ठेवले आणि तरंगाग्राकडे पाहिले. ते काय म्हणतात, हे पावसाळी शेडवरचा पन्हळी पत्रा डोळ्यांसमोर आणून समजून घ्या.

प्रकाशाचे सपाट तरंगाग्र ध्वनीच्या पट्ट्यांवर काटकोनात येते. दाट पट्ट्यातून जाणारा भाग किंचित मागे पडतो, विरळ पट्ट्यातला किंचित पुढे जातो. पात्रातून बाहेर पडताना सपाट तरंगाग्राचा पन्हळी पत्रा झालेला असतो. तीव्रता सगळीकडे सारखीच राहते, बदलते ती फक्त कला. अशा पन्हळी तरंगाग्राचे पुढे काय होते, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी पन्हळी पृष्ठभागावरून होणाऱ्या विवर्तनासाठी आधीच करून ठेवले होते. रामन यांनी रॅले यांचे ध्वनिशास्त्र तरुणपणापासून आत्मसात केले होते, त्यामुळे हे साम्य त्यांना चटकन दिसले असणार.

गणिताचा निष्कर्ष शब्दांत सांगतो. द्रवाची रुंदी, अपवर्तनांकातला सर्वांत मोठा बदल आणि २ पाय यांचा गुणाकार करा आणि प्रकाशाच्या तरंगलांबीने भागा. या संख्येला आपण 'कलाखोली' म्हणू. पन्हळ किती खोल आहे हे ती सांगते. मग मधल्या रेषेचा आयाम हा कलाखोलीचा शून्य क्रमाचा बेसेल फलन असतो, पहिल्या रेषेचा पहिल्या क्रमाचा, दुसरीचा दुसऱ्या क्रमाचा, आणि असेच पुढे. तीव्रता म्हणजे त्याचा वर्ग.

बेसेल फलने शून्याच्या वर-खाली हेलकावत जातात. म्हणूनच रेषा उजळतात आणि मावळतात. कलाखोली २.४०५ झाली की शून्य क्रमाचे बेसेल फलन शून्य होते आणि मधली रेषा पूर्ण नाहीशी होते. त्या क्षणी पहिल्या दोन रेषांत प्रत्येकी सुमारे २७ टक्के, दुसऱ्या दोन रेषांत प्रत्येकी सुमारे १९ टक्के आणि तिसऱ्या दोन रेषांत प्रत्येकी सुमारे ४ टक्के प्रकाश असतो. बेरीज करून पाहा, जवळजवळ सगळा प्रकाश हिशेबात येतो.

यासाठी अपवर्तनांक किती बदलावा लागतो? १ सेंटिमीटर पाणी आणि सोडियमचा प्रकाश (५८९ नॅनोमीटर) घेतला तर फक्त ०.००००२ इतका. १.३३ या आकड्यात पाचव्या दशांश स्थानावर झालेला बदल सरळ जाणारा प्रकाश पूर्णपणे बाजूला काढतो.

लेखमालेच्या पहिल्या दोन भागांत लहर गोठलेलीच मानली आहे, प्रथम काटकोनात आणि मग तिरप्या येणाऱ्या प्रकाशासाठी. तिसऱ्या भागात तिला चालू दिले आहे. प्रत्येक क्रमाच्या रेषेची वारंवारता ध्वनीच्या वारंवारतेच्या तितक्याच पटीने बदलते, हा निष्कर्ष तिथे येतो. ब्रिलुआँ यांचा डॉप्लर बदल इथे वेगळ्या वाटेने पुन्हा भेटतो. चौथ्या आणि पाचव्या भागांत सिद्धान्त अधिक व्यापक केला आहे.

पडताळणी लगेच झाली. बंगळूरला एस. पार्थसारथी यांनी अनेक द्रवांवर प्रयोग केले. कॅनडात सँडर्स यांनी १९३६ साली रेषांची तीव्रता मोजून बेसेल फलनांशी ताडून पाहिली आणि ती जुळली. त्या हिवाळ्यात मॅक्स बोर्नही रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरला होते. नाथ यांनी त्यांच्याबरोबर अगदी वेगळ्या विषयावर, प्रकाशाच्या न्यूट्रिनो सिद्धान्तावर, लेख लिहिला. बोर्न यांचे नाव पुढे आणखी एकदा येणार आहे.

५. डफ, तबला आणि २.४०५

२.४०५ हा आकडा रामन यांना नवा नव्हता. गोल चौकटीवर सारखे ताणलेले कातडे, म्हणजे आपला डफ, वाजवला तर त्याचा सर्वांत खालचा स्वर याच आकड्याने ठरतो; कारण कडेला कातडे हलू शकत नाही आणि तिथे शून्य क्रमाचे बेसेल फलन शून्य असावे लागते. त्याच्या वरचा स्वर ३.८३२ ने ठरतो. दोघांचे गुणोत्तर १.५९३ येते, जे कोणत्याही सोप्या पूर्णांकी प्रमाणात बसत नाही. म्हणून डफाला ताल असतो, पण नेमका सूर लागत नाही.

तबल्यावर मात्र मध्यभागी शाई असते. शाईच्या वजनामुळे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटींत येतात आणि तबला सुरात बोलतो. रामन यांनी मृदंग-तबल्याच्या या गुणावर कलकत्त्यात असताना, १९२० साली, लिहिले होते आणि १९३४ साली बंगळूरहून पुन्हा सविस्तर लिहिले. म्हणजे नाथ यांच्याबरोबरची लेखमाला सुरू होण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी.

लखनऊमध्ये हे शिकवायला सोपे जाते. इथे तबल्याचे स्वतंत्र घराणे आहे, आणि पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली सुरू झालेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. 'बेसेल फलन' म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालणारा विद्यार्थी, तो डफाच्या कातड्याचा आकार आहे म्हटल्यावर कागदावर आलेख काढू लागतो.

६. सिद्धान्ताची मर्यादा

मग ब्रिलुआँ चुकले का? नाही. दोघांनी वेगवेगळ्या जाडीच्या ध्वनिस्तंभाचा विचार केला होता.

रामन–नाथ यांच्या मांडणीत एक गृहीतक आहे. प्रकाश द्रवातून सरळ पार होतो, त्याची फक्त कला बदलते आणि वळणे हे बाहेर पडल्यावर घडते. म्हणजे ध्वनिस्तंभ पातळ असला पाहिजे. पातळ म्हणजे किती? वळलेला प्रकाश स्तंभाच्या आतच किती बाजूला सरकतो, ते ध्वनीच्या तरंगलांबीशी ताडून पाहा.

आपल्या पात्रात : रुंदी १ सेंटिमीटर, वारंवारता ३ मेगाहर्ट्‌झ. पहिल्या क्रमाचा प्रकाश आतल्या आत सुमारे ९ मायक्रोमीटर बाजूला सरकतो. ध्वनीची तरंगलांबी ५०० मायक्रोमीटर. तो ज्या पट्ट्यात शिरला त्याच पट्ट्यातून बाहेर पडतो. रामन–नाथ यांचे गृहीतक चोख बसते.

आता वारंवारता ८० मेगाहर्ट्‌झ करा आणि पाण्याऐवजी ज्यात ध्वनी सेकंदाला जेमतेम ६१७ मीटर वेगाने जातो, असा स्फटिक घ्या. ध्वनीची तरंगलांबी ७.७ मायक्रोमीटर येते. १ सेंटिमीटर जाडीत ८०० नॅनोमीटरचा वळलेला प्रकाश सुमारे ४७० मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे साठेक पट्टे ओलांडतो. पन्हळी पत्र्याचे चित्र इथे मोडते. इथे प्रकाशाला खरोखरच एकामागोमाग एक थर भेटतात. योग्य कोनात शिरलेला प्रकाशच थराथरावरून एकमेकांत मिसळून बळकट होतो आणि बाकीचे क्रम विरून जातात. हे ब्रिलुआँ यांचे आरसे आहेत.

सरकण्याच्या अंतराला ध्वनीच्या तरंगलांबीने भागून २ पायने गुणले की जी संख्या येते, ती 'क्यू'. १९६७ साली क्लाइन आणि कुक यांनी ही एकच संख्या वापरून दोन्ही टोके एका चौकटीत बसवली. क्यू १ पेक्षा बराच लहान : रामन–नाथ क्षेत्र. क्यू १ पेक्षा बराच मोठा : ब्रॅग क्षेत्र. आपल्या पात्रात क्यू सुमारे ०.११ येतो, वरच्या स्फटिकात सुमारे ३८५. मधल्या प्रदेशाचे गणित अवघड आहे. त्यावर अनेकांनी काम केले. १९५३ साली भाटिया आणि नोबल यांनी केलेले काम त्यांतले महत्त्वाचे. हे अवधबिहारी भाटिया पुढे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात होते. बोर्न आणि वोल्फ यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑप्टिक्स' या प्रसिद्ध ग्रंथातील ध्वनीने होणाऱ्या विवर्तनाचे प्रकरण त्यांच्याच कामावर उभे आहे.

हा भेद व्यवहारात किती मोठा आहे, ते पाहा. रामन–नाथ क्षेत्रात पहिल्या क्रमाच्या एका रेषेत जास्तीत जास्त ३३.९ टक्के प्रकाश जाऊ शकतो, कारण पहिल्या क्रमाच्या बेसेल फलनाचे शिखर तेवढेच आहे. ब्रॅग क्षेत्रात तत्त्वतः जवळजवळ सगळा प्रकाश एकाच किरणात वळवता येतो. प्रयोगवहीतले सूत्र डोळे झाकून स्फटिकाला लावणारा अभियंता आपल्या उपकरणाची क्षमता एक-तृतीयांश समजून बसेल.

७. पात्रातून पडद्यावर

या परिणामाचा पहिला ठळक उपयोग विज्ञानात नव्हे, करमणुकीत झाला. १९३० च्या दशकात लंडनच्या स्कोफनी कंपनीने मोठ्या पडद्यावर दूरचित्रवाणी दाखवण्यासाठी जेफ्री यांनी तयार केलेले द्रवपात्र वापरले. चित्राचा संकेत ध्वनीवर चढवला जाई. तो द्रवातून चालत असताना चित्राच्या ओळीतले अनेक ठिपके एकाच वेळी पात्रात असत. चालत्या ध्वनीबरोबर चित्रही पडद्यावर सरकले असते. म्हणून फिरता आरसा नेमक्या उलट वेगाने फिरवून ते स्थिर केले जाई. लहर गोठवण्याची ही पहिली कारागिरी.

युद्धाने तो व्यवसाय थांबवला. विषयाला पुन्हा बहर आला तो १९६० साली लेसर आल्यावर. लेसरचा किरण बारीक, एकरंगी आणि एका दिशेचा. त्याला वळवायला ध्वनीसारखे साधन नाही : ध्वनीची वारंवारता बदलली की कोन बदलतो, ध्वनीची शक्ती बदलली की तेज बदलते, आणि हलणारा भाग एकही नाही. १९६६ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीत कॉर्पेल आणि सहकाऱ्यांनी लेसर ध्वनीने हलवून दूरचित्रवाणीचे चित्र काढून दाखवले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टेल्युरियम डायऑक्साइडचे गुण पुढे आले. त्याच्या एका विशिष्ट दिशेने अनुप्रस्थ ध्वनिलहर सेकंदाला फक्त ६१७ मीटर वेगाने जाते. मघाशी हिशेबात घेतलेला स्फटिक तो हाच. आज जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतल्या अनेक कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकांत कोणत्या रंगाचा लेसर किती सोडायचा, हे असाच स्फटिक ठरवतो.

८. सूक्ष्मदर्शकाला घाई का?

चेतापेशीतला विद्युतस्पंद साधारण १ मिलिसेकंद टिकतो. १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी द्विफोटॉन सूक्ष्मदर्शक दाखवला आणि जिवंत मेंदूच्या ऊतीत खोलवर पाहणे शक्य झाले. पण लेसरचा ठिपका फिरवायला लहान आरसे होते. आरशाला वजन असते. साध्या आरशांनी ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे एक चित्र काढायला साधारण अर्धा ते एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पेशीत शेकडो घटना होऊन जाऊ शकतात. शिवाय त्यातले बहुतेक ठिपके आपल्याला नको असलेल्या जागेचे असतात.

ध्वनीने वळवला तर ठिपका वाटेतली जागा न पाहता एका पेशीवरून दुसरीवर थेट उडी मारू शकतो. मर्यादा एकच : नवी ध्वनिलहर स्फटिकाची रुंदी भरेपर्यंत थांबावे लागते. १५ मिलिमीटर भागिले सेकंदाला ६१७ मीटर, म्हणजे सुमारे २४ मायक्रोसेकंद. चाळीस पेशी निवडा आणि प्रत्येकीला २५ मायक्रोसेकंद द्या; १ मिलिसेकंदात सगळ्यांना भेटून ठिपका परत पहिल्या पेशीवर येतो. सेकंदाला हजार फेऱ्या.

इथे ध्वनीचा संथपणा दोन्ही बाजूंनी कापतो. ध्वनी संथ म्हणून तरंगलांबी लहान आणि वळण मोठे. पण संथ म्हणूनच स्फटिक भरायला वेळ. ओळखता येतील अशा वेगळ्या ठिपक्यांची संख्या म्हणजे वारंवारतेचा पट्टा गुणिले भरण्याचा वेळ : ४० मेगाहर्ट्‌झ गुणिले २४ मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे ९६०. स्फटिक मोठा घ्याल तर ठिपके वाढतील, पण वेग घटेल. या व्यवहारातून कोणाची सुटका नाही.

ह्यूस्टनमधील सॅगाऊ यांच्या गटाने १९९७ साली अशा थेट-उडी सूक्ष्मदर्शकाचे काम प्रसिद्ध केले आणि २००८ साली रेड्डी व सहकाऱ्यांसह ते त्रिमितीत नेले. लंडनमधील सिल्व्हर आणि बुडापेस्टमधील रोझा यांच्या गटांनी पुढे जिवंत प्राण्यांच्या मेंदूपर्यंत हे तंत्र पोहोचवले.

९. ध्वनीचा आकार, प्रकाशाचा आकार

त्रिमितीत म्हणजे कसे? स्फटिकात एकच वारंवारता न पाठवता ती सतत वाढवत नेली, तर एका कडेला ध्वनीचे पट्टे जवळजवळ आणि दुसऱ्या कडेला लांब होतात. एका कडेचा प्रकाश जास्त वळतो, दुसरीचा कमी. किरण एका रेषेत एकवटतात. स्फटिकाचे भिंग झाले. पण लहर चालते म्हणून केंद्रही सरकते. ते थांबवायला समोरून उलट्या दिशेने चालणाऱ्या लहरीचा दुसरा स्फटिक लावतात. अशा चार स्फटिकांनी ठिपका पुढे-मागे आणि आडवा-उभा हवा तिथे नेता येतो. लहर गोठवण्याची ही दुसरी युक्ती.

तिसरी पॅरिसमधली. एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये बुर्दिउ, आकेमान आणि सहकाऱ्यांनी स्फटिकात साधी लहर न पाठवता संगणकाने रचलेली, हव्या त्या आकाराची लहर पाठवली आणि ती स्फटिकभर पसरली की नेमक्या त्याच क्षणी लेसरचा एक स्पंद सोडला. स्पंद काही शे फेम्टोसेकंदांचा असतो. २०० फेम्टोसेकंदांत ध्वनी स्फटिकात एका अणूच्या आकाराइतका सरकतो. त्या स्पंदाला ध्वनी म्हणजे कोरलेली काचच. एका पेशीला पुरेल असा ठिपक्यांचा पुंजका त्यातून एकदम उमटतो आणि पुढच्या स्पंदापर्यंत नवी लहर तयार असते. हे काम २०१५ आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३२ साली ल्युका आणि बिकार यांनी काम केले ती संस्थाही त्याच शहराच्या त्याच भागात आहे.

अमेरिकेत अर्नोल्ड यांच्या गटाने आणखी एक वाट काढली. दाबविद्युत नळकांड्यात सिलिकोन तेल भरून त्याला कंप दिला की आत गोल, स्थायी ध्वनिलहर उभी राहते आणि तेलच सेकंदाला लाखो वेळा बहिर्गोल-अंतर्गोल होणारे भिंग बनते. त्या तेलातल्या अपवर्तनांकाचा आलेख काढा. तो शून्य क्रमाचा बेसेल फलन आहे, डफाच्या कातड्याचा आकार.

सारांश

ध्वनिलहर प्रकाशाला गोठलेली दिसते. स्तंभ पातळ असेल तर तरंगाग्र पन्हळी होते आणि अनेक क्रम मिळतात. हे रामन–नाथ क्षेत्र. स्तंभ जाड असेल तर थर आरशांसारखे वागतात आणि एकच क्रम मिळतो; हे ब्रॅग क्षेत्र, ज्याचे भाकीत ब्रिलुआँ यांनी केले होते. कोणते क्षेत्र लागू आहे हे 'क्यू' सांगतो. आजचे वेगवान सूक्ष्मदर्शक दुसऱ्या क्षेत्रात चालतात.

स्वाध्याय

१. पाण्यात २ मेगाहर्ट्‌झचा ध्वनी आणि ६३३ नॅनोमीटरचा लेसर वापरला. पात्रापासून ३ मीटरवरच्या भिंतीवर शेजारच्या दोन ठिपक्यांतले अंतर काढा.

२. वरील प्रयोगात पात्राची रुंदी २ सेंटिमीटर असेल तर क्यू काढा. रामन–नाथ सूत्र लावता येईल का?

३. मधली रेषा नाहीशी झाल्यावर विद्युतदाब आणखी वाढवला तर तिचे काय होईल? शून्य क्रमाच्या बेसेल फलनाचा आलेख काढून सांगा.

४. १० मिलिमीटर रुंदीचा टेल्युरियम डायऑक्साइड स्फटिक आणि ३० मेगाहर्ट्‌झचा पट्टा. सेकंदाला किती उड्या आणि किती वेगळे ठिपके मिळतील? रुंदी दुप्पट केल्यास दोन्ही उत्तरे कशी बदलतात?

५. 'रामन आणि नाथ यांनी ब्रिलुआँ यांना खोटे ठरवले' हे विधान एका परिच्छेदात तपासा.